फाटकावरचं पिवळं फडकं

—नाही नाही, ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय. या खोक्यावर बस. आणि ते "काका, तुम्हाला लहानपणी शिक्षणाची तहान होती ना" बंद कर, मास्तरीणबाई. तहान पाण्याची लागते. मला राग यायचा. कसला? ऐक की मग. या आठवड्यात तू आमच्याकडे राहायला, पेटी आत ठेवलीस, पोटभर जेवलीस— ऐकायला काय जातंय तुझं?

मी जन्मलो तो मालकाचा माल म्हणून. त्याची गाय, त्याचं खेचर, त्याचा सायलस. काम काय, तर जेवणाच्या टेबलाशी उभं राहून मोरपिसांच्या झाडणीनं माश्या हाकलायच्या. मालकाचा पोरगा तिथंच धडे गिरवायचा, आणि त्याच्या पुस्तकावर माशी बसली की मी असा वाकायचो— माशी जायची, मी तसाच वाकलेला! "माशी उडाली ना रे? मग काय बघतोस?" की बसली कानाखाली. आपल्या काळ्या माणसांतल्या कुणी अक्षर शिकायचं नाही असा कायदाच होता अलाबामात. आता मला सांग, काकवीची बरणी उंच फळीवर ठेवतात ती कशाला? आत गोड असतं म्हणूनच ना? एवढं शेंबड्या पोरालाही कळतं.

मग लढाई झाली, आम्ही सुटलो. सुटलो म्हणजे काय— तोच मालक, तोच कापूस, फक्त आता अर्ध्या वाट्यानं. माझा बाप, बर्ल टॉलिव्हर, म्हणाला, "सायलस, आता तू मोकळा आहेस. घे पिशवी, वेच." तेवढ्यात चर्चच्या मागच्या खोपटात शाळा निघाली, ओहायोहून लेव्हन मास्तर आले. आपल्यातलेच, पण कॉलर एवढी खळ घातलेली की बाजूला बघायचं तर अख्खा माणूस वळवावा लागायचा. मी म्हटलं, जातो शाळेत. बाप म्हणाला, कापूस निघू दे. कापूस निघाला तर मका निघू दे. मका निघाला तर कुंपण मोडलं. हे कुंपण मोडतं कसं दरवेळी? मला तर वाटायचं, बापच रात्री उठून मोडतो.

पण एक आशा होती. मास्तर तुझ्यासारखेच एकेका घरी आठवडाभर राहायचे, आणि ज्या घरी मास्तर त्या घरच्या पोरांना संध्याकाळी वेगळी शिकवणी— तो त्या घराचा हक्क. आमचं घर ओढ्यापलीकडे, म्हणून नंबर सगळ्यात शेवटी. आले एकदाचे. आईनं कोंबडी कापली, मास्तरांनी ती एकट्यानं संपवली आणि तिथंच घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनासभा. मग बापानं त्यांना खेचराच्या खुराबद्दल विचारलं— मास्तरांना खुरातलं काय कळणार? पण बाप सोडतोय कुठं! शनिवार उजाडला आणि मी आपला ए-बी-सी-डी, बस, तिथंच. आणि दुपारी ड्रुसिलामावशी गाडी घेऊन मास्तरांना न्यायला येणार. विधवा बाई, लग्नाच्या तीन पोरी, आणि रताळ्याचा हलवा असा करायची की एकदा मास्तर तिथं गेले की परत कशाला येतात?

तेव्हा मी काय केलं— हसू नकोस. आईच्या पिवळ्या परकराची पट्टी फाडली आणि रस्त्यावरच्या फाटकाला बांधली. हां, तोंड बघ तुझं! घरात देवी आल्या की फाटकावर पिवळं फडकं, मग आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. ड्रुसिलामावशी आली, फडकं दिसलं, आणि तिनं ते म्हातारं खेचर असं फिरवलं की गाडीतला हलवा रस्त्यावर. रडलो मी त्या हलव्यासाठी. खरंच.

घर झाडीच्या मागं, आतल्यांना पत्ता नाही. थोड्या वेळानं ओढ्यापलीकडे चर्चचा डीकन अझराया येऊन गळा काढून प्रार्थना करायला लागला. बाप ओरडला, "काय झालं रे? कुणाला देवी आल्या?" डीकन ओरडला, "तुझ्याच घरात, बर्ल! धीर धर!" बाप फाटकावर जाऊन फडकं बघून आला. त्याला वाटलं डीकननं बांधलं. डीकनला वाटलं डॉक्टरनं बांधलं. विचारतंय कोण! बापानं आम्हाला ओळीनं उभं केलं, एकेकाचं तोंड फिरवून बघितलं, आणि मास्तरांची कॉलर खाली ओढली तर— मानेवर लाल लाल पुरळ! मास्तरांनी पाण्याच्या बादलीत स्वतःची मान बघितली आणि "देवा, मी अजून लहान आहे," म्हणून बादलीवरच पडले.

मक्याच्या कोठीत ठेवलं त्यांना. बिचारे म्हणाले, मरायचंच आहे तर कर्तव्य करून मरतो. म्हणून कोठीच्या फटीतून ओरडून शिकवायला लागले! फळीवर कोळशानं अक्षर काढायचे, फळी फटीतून बाहेर, आम्ही अंगणात लांब बसलेले. मालक घोड्यावरून आला, फडकं बघून आल्या पावली गेला. दिवसाउजेडी बाप नुसता बसलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. त्याला हात कुठं ठेवायचे तेच कळेना. शेवटी हातात काडी घेतली आणि मातीत अक्षर काढायला बसला.

आणि मी? ज्यानं हे सगळं जमवलं तो? "सायलस, मास्तरांना पाणी दे." लांब काठीला डबा बांधून. "सायलस, शेळी सुटली." "सायलस, मास्तर म्हणतात पाणी गरम आहे." ई आणि एफ मी शेळीच्या मागं धावताना हुकवले! बाप त्याचं नाव लिहायला शिकला. आणि आई तर— ती आमच्याकडे पाठ करून भांडं ढवळत असायची, बघायचीसुद्धा नाही. पण मास्तरांनी विचारलं की उत्तर भांड्याकडून यायचं. आधी मास्तरांना वाटलं मीच बोलतोय. म्हणाले, "शाबास सायलस, पण आवाज का बारीक झाला तुझा?"

मग पाऊस पडला आणि फडक्याचा रंग गेला. गेलं सगळं, मी म्हटलं, उद्या कुणीतरी बघणार. सकाळी चोरून फाटकाशी गेलो— तर फडकं पहिल्याहून पिवळंधमक! परत आलो तर आई काहीतरी उकळत होती. "काय गं?" "कांद्याची सालं." "कशाला?" "तू मुकाट पाणी आण." आता कांद्याच्या सालांनी काय रंगवतात ते— जाऊ दे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तू पण ऐकलं नाहीस.

शेवटी गावातून डॉक्टर आला. मास्तरांची मान बघितली, कॉलर बघितली, म्हणाला, "खळ कमी घाला." झालं! बापाचं डोकं चालायला लागलं, फडकं परकराचं निघालं, आणि त्यानं हिकरीच्या झाडाची ओली छडी तोडली. मी शेळीच्या मागं लपलो, शेळी सरकली. आई मध्ये आली. म्हणाली, "मार की. पण आधी तुझं नाव लिहून दाखव. आलं नाही तर कुठल्या तोंडानं मारतोस?" बाप पेटला. त्याच छडीनं मातीत लिहिलं— बर्ल. मागं सरकून बघितलं. मग पुसलं, मोठं लिहिलं. मग डीकनला हाक मारली बघायला. मार राहिला तो राहिलाच.

तेव्हा आईनं हळूच साधलं, "सोमवारपासून पोरगा शाळेत." बाप म्हणाला, "आणि त्याची कपाशीची ओळ?" "मी धरते." "आणि तुझी?" "तीही."

मी काय, कोकरासारखा उड्या मारत सुटलो. तुला नाही का शिकायचं, असं तिला कशाला विचारायचं? पोरं विचारतात का कधी? मास्तर पुन्हा काही आमच्या घरी आले नाहीत. मी संध्याकाळी शाळेतून यायचो की आई दारात उभी, बोटं कापसाच्या बोंडांनी चिरलेली. "आज कुठवर?" मला वाटायचं, उलटतपासणी घेते. मी वाचायला बसायचो, अडखळलो की शब्द हिच्या तोंडून आधी यायचा. पान उलटायच्या आत खालच्या ओळीवर पोचलेली असायची! मी चिडायचो. म्हणायचो, "शाळेत मी जातो का तू?" ती हसायची. "तूच रे. तूच. पुढचं वाच." दोन हिवाळे गेलो मी, मग कंटाळून शाळा सोडली. तिनं माझं पुस्तक पुसून उंच फळीवर ठेवलं. मी म्हटलं, चला, सुटलो हिच्या प्रश्नांतून...

...

काय बघतेस? ऊठ. आत जा, चुलीवर पाणी तापलंय, पाय धुऊन घे. मी बसतो जरा इथंच. जा म्हटलं ना.