काट्या आधी कुणासाठी काढायच्या?

या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावाचे माजी सरपंच आदरणीय जयसिंगआबा. व्यासपीठावर बसलेल्या आपल्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका तेजश्रीताई. ज्यांच्यासाठी आपण इथं जमलो ते सत्कारमूर्ती, पोलीस पाटील सत्तारभाई. वरवंड, कासुर्डी आणि पार कवठे येमाईहून आलेली पाहुणेमंडळी. जमलेल्या माझ्या माता-भगिनी. आणि मंडपाच्या खांबाला टेकून उभे असलेले, कान माझ्याकडे आणि नाक आमटीकडे असलेले माझे तरुण मित्र, आपणा सर्वांना हौशीरामचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. माझ्या हातात माईक देऊन पाच मिनिटं म्हणणाऱ्या संयोजकांच्या भाबडेपणाचं मला कौतुक वाटतं. या पंचक्रोशीत साखरपुड्यापासून दहाव्यापर्यंत मी बोलत आलो. परंतु आज पहिल्यांदाच कागदावर लिहून आणलंय, हे प्रांजळपणे सांगतो. सत्तारभाई साठ वर्षांचे झाले आणि कायद्यानं पदावरून उतरले. एवढ्या पाटलांच्या गावात सरकारी शिक्क्याचा पाटील हा एकच होता, आणि तोही शेख! यात्रेतली भांडणं त्यांनी मिटवली, बांधावरची कुऱ्हाड हातातून काढून घेतली, हे सगळं मानपत्रात छापलंय. मानपत्रात जे नाही ते मी सांगणार आहे. आबांची परवानगी मघाशीच घेतली. सत्तारभाईंची घेतली नाही, कारण ती मिळाली नसती.

आपल्याला कोरोनाचं ते पहिलं वर्ष आठवतं का? आज आपण त्यावर विनोद करतो. पण त्या चैत्रात गावाची काय अवस्था होती? समिती नेमली गेली. अध्यक्ष आबा, सदस्य तेजश्रीताई, सत्तारभाई, सलूनवाला ईश्वर आणि आणखी काही मंडळी, आणि बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून मी. समितीनं पहिल्याच बैठकीत ठरवलं, बाहेरचं माणूस गावात घ्यायचं नाही. वेशीवर बाभळीच्या काट्या तोडून आडव्या टाकल्या. सरकारनं तसं सांगितलं नव्हतं, पण भीतीला सरकारचा आदेश लागतो का? ठराव एकमतानं झाला. आपल्या गावात सगळं एकमतानंच होतं. आबांच्या तोंडाकडं बघायचं आणि मान डोलवायची, ही आपली जुनी पद्धत. आबा हसताहेत, म्हणजे मान्य आहे.

काट्या टाकून फार दिवस झाले नव्हते, तोच सत्तारभाईंच्या आई, मुमताजचाची, वारल्या. कोरोनानं नव्हे, हृदयविकारानं. ज्यांच्या हातचा शिरखुर्मा या मंडपातल्या निम्म्या लोकांनी ईदला खाल्लाय, त्या चाची. धाकटी लेक सना कवठे येमाईला दिलेली. निरोप मिळाल्याबरोबर नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून ती आली, आणि वेशीवर थांबली. काट्यांच्या अलीकडं कोण उभं होतं? तिचाच भाऊ. गळ्यात शिट्टी, हातात काठी, आणि घरात आईचं मयत.

मी तिथं होतो, महाराज. मी म्हणालो, "सत्तारभाई, सोडा पोरीला, कोण बोलतंय?" ते म्हणाले, "हौशीराम, आज माझ्या भनीला सोडली तर उद्या कुणाच्या भनीला कोणत्या तोंडानं अडवू?" सना काट्यांच्या पलीकडं रस्त्यावर बसून होती. मोजक्या माणसांत दफन उरकलं. मग तिचा नवरा तिला घेऊन परत गेला. त्या दिवसापासून तिनं भावाचा फोन उचलला नाही.

ते बरोबर होतं का? मंडळी, मी बोलण्याचा धंदा करणारा माणूस आहे, मला कुठल्याही बाजूनं बोलता येतं. पण या प्रश्नावर मला आजही बोलता येत नाही.

पुढं ज्येष्ठ उजाडला. सरकारनं हळूहळू सूट द्यायला सुरुवात केली आणि आपल्या समितीत भांडणं सुरू झाली. शाळेच्या मैदानात लांब लांब खुर्च्या टाकून आम्ही बसायचो आणि ओरडून ओरडून बोलायचो. ईश्वर म्हणायचा, "कंपनीची बस रोज गावातनं माणसं भरून जाती, तिला काट्या न्हाईत. मग माझ्या एका खुर्चीनंच रोग येतोय व्हय?" मी त्याच्या बाजूचा. माझा माईक धूळ खात पडला होता, आणि ईश्वरच्या कृपेवाचून आमच्या सगळ्यांच्या डोक्याचं जंगल झालं होतं. तेजश्रीताई म्हणायच्या, "उघडा की, पण सगळं एका दिवशी उघडू नका. माझ्याकडं एक थर्मामीटर हाय आन् दोन पाय हायेत." दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि तीच खरी पंचाईत होती. काय आधी उघडायचं? बाजार, देऊळ, सलून? बैठक झाली की आम्ही पुढच्या बैठकीची वेळ ठरवून उठायचो.

आणि अशात आबांच्या घरी दुःख झालं. आबांच्या कारभारीण, आपल्या पुतळाबाईमामी, गेल्या. साखरेचा जुना आजार. लेक अनुपमा हडपसरला. तिच्या सोसायटीच्या फाटकाला कुलूप आणि आपल्या वेशीला काट्या. मामींना अग्नी दिला तेव्हा लेक नव्हती. आता निदान दहाव्याला तरी तिनं यावं, अशी घरच्यांची इच्छा. दुसऱ्या दिवशी समिती बसली. आबा सुतकात, तरी आले, लांब लिंबाखाली बसले. एक जण उठला आणि म्हणाला, "आबांच्या लेकीसाठी काट्या काढाव्यात, असं मी सुचवतो." सगळ्यांनी माना डोलवल्या. एकमत!

आणि मग, मंडळी, सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की सत्तारभाई बसलेत.

या माणसानं नाही म्हटलं, तर लोक म्हणणार आईचा सूड घेतला. हो म्हटलं, तर सनाला काय सांगायचं? आबा खाली मान घालून मातीत काडीनं रेघा ओढत होते.

सत्तारभाई उठले. म्हणाले, "काट्या काढा. माझी ना न्हाई. माझ्यावर आलं म्हणून आबांवर यावं, असं मला कवाच वाटायचं न्हाई. पर आबांच्या लेकीसाठी म्हणून काढू नका. काढायच्या तर गावातल्या समद्या लेकींसाठी काढा. एकीला काढल्या आन् परत टाकल्या, तर मी वेशीवर उभा ऱ्हाणार न्हाई. दुसरा माणूस बघा."

एवढंच बोलले आणि बसले. आवाज चढवला नाही, आईचं नावसुद्धा काढलं नाही. आमच्या सगळ्या बैठकांचा तिढा त्या बोलण्यानं सुटला. बाजार नंतर, देऊळ नंतर, सलूनही नंतर. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय, त्यांच्या लेकीबाळी आधी. तेजश्रीताईंनी अटी सांगितल्या: तोंडाला मास्क, अंगणात बसायचं, दोन हात लांब, एका वेळी एकाच घरची माणसं.

आम्ही उठणार, तेवढ्यात आबांनी विचारलं, "पहिली कुणाची लेक अडवली होती?"

सगळ्यांना ठाऊक होतं.

आबा म्हणाले, "सनाला फोन लावा. ती आल्याबिगर अनुपमा येणार न्हाई." कुणीतरी हळूच म्हणालं, "आबा, पण दहावा..." आबा म्हणाले, "दहावा माझ्या घरचा हाय. मी बघीन."

सत्तारभाईंचा फोन सना उचलत नव्हती, म्हणून फोन आबांनी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. सुतकातलं माणूस कुणाच्या दारी जात नाही, हे आपण पाळतो. आबांनी लांबूनच विचारलं, "सत्तार, सुतकात मी वेशीवर आलो तर चालंल का रं?" सत्तारभाई म्हणाले, "आबा, आमच्यात तसलं सुतक न्हाई. या." मग आबांनी त्या वाळलेल्या काट्या स्वतःच्या हातानं ओढल्या. तळहाताला रक्त आलं. कुणाला हात लावू दिला नाही.

सना मोटारसायकलवरून उतरली. आबांना सलाम केला. भावाकडं बघितलं नाही. मग मान वर केली आणि विचारलं, "भाई, अम्मी मेरेकू पूछी क्या?"

सत्तारभाई म्हणाले, "पूछी. तू आयेगी बोलके दरवाजा लगाने नहीं दी."

दोघंही उभी, मध्ये ताईंचं दोन हात अंतर. आणि या आपल्या तेजश्रीताई, ज्यांनी एकेकाला मास्कावरून भर रस्त्यात झापलं, त्यांनी तोंड फिरवलं आणि वरवंडच्या रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीमागं किती अंतर उरलं, ते मला विचारू नका.

पुढं अनुपमाही आली, दहावा झाला, हळूहळू बाजार भरला. पुढच्या वर्षी आजारानं गावाला गाठलंच. तो काट्या काढल्यामुळं आला, की बसनं आला, की यायचाच होता? मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. इतकंच सांगतो, की पुन्हा गाव बंद करायची वेळ आली, तेव्हा नियम कुणासाठी कमी आणि कुणासाठी जास्त असं कुणी म्हणालं नाही, आणि लोकांनी तो निमूट पाळला. ते सत्तारभाईंच्या त्या चार शब्दांमुळं, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

असो. पाच मिनिटांचं काय झालं, ते माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर दिसतंय. मंडप देणारे, पंगतीचं बघणारे आणि माझं एवढं ऐकून घेणारे आपण सगळे, तुमचे आभार मानतो. बोलण्याच्या ओघात मी कुणाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं असेल, तर ते पोटात घाला. सत्तारभाई, तुम्ही घरी जाऊन रागवा, इथं नको.

आता शाल आणि श्रीफळ. पत्रिकेत "अध्यक्षांच्या शुभहस्ते" असं छापलेलं आहे. पण अध्यक्षांनी मघाशी माझ्या कानात वेगळंच सांगितलं, आणि अध्यक्षांचं ऐकायचं ही आपली पद्धत आहे. म्हणून मी विनंती करतो, कवठे येमाईहून आलेल्या, तिसऱ्या रांगेत बसलेल्या सनाताईंनी पुढं यावं आणि आपल्या भावाच्या खांद्यावर ही शाल घालावी. मंडळी, वाट द्या. त्यांना येऊ द्या.