तोंड बघायचं राहिलं

माझं माहेर पिंपळी, सासर कळस. सासऱ्याच्या काळापत्तोर घरात मेंढरं हुती, मग कालव्याचं पाणी आलं आन् आमी उसाचं झालो. लेक एकच, शालन, ती वडगाव निंबाळकरला दिली, नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. काय सांगू तुमाला, माणूस लई संशयी. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या म्होरल्या साली त्यानं तिला कोयत्यानं मारली. त्यातलं एवढंच सांगते, जास्त सांगत न्हाय.

आमच्यात सासुरवाशीण गेली तर माहेरची माणसं आल्याबिगर मयत उचलत न्हाईत. आईनं तोंड बघायचं, मगच उचलायचं. पण शालनला दवाखान्यातनं आणली ती डोस्क्यापासनं बांधूनच. मी म्हणले सोडा, तर हवालदार म्हणला मावशी नगा, आन् भावानं मला दंडाला धरून मागं वढली. तशीच गेली ती. माझ्या मनात ते राहिलं.

वरीसभरानं बारामतीच्या कोर्टात केस उभी राहिली. सरकारी वकील म्हणले, पोलिसांनी फोटो काढल्यात, रंगीत हायेत, ते तुमच्या हातात देतो, तुमी लेक वळखायची, मग कळंल कोर्टाला ह्यानं काय केलंय ते. लोकं म्हणतील कसली आई ही, पण खरं सांगते, मला बरं वाटलं. मी त्या तारखेची वाट बघत हुते.

साक्षीला उभी राहिले तर जावयाचा वकील उठला. म्हणला, हिला फोटो दावू नका, आई रडंल, आन् ते बघून कोर्टाचं मन पुराव्यावरनं उडंल. त्याला काय माझा कळवळा न्हवता, त्याला आशील सोडवायचा हुता. जजसाहेबांनी पाकीट मागून घेतलं, एकेक फोटो बघितला, परत पाकिटात घातला. म्हणले, जखमा डाक्टरांनी सांगितल्यात, मयत कोण हाय ह्यावर कुणाचाच वाद न्हाय, मग आईला हे दावायचं काय कारण न्हाय.

मी म्हणले, साहेब, मला कारण हाय. आमच्यात आईनं तोंड बघायचं असतं, माझं राहिलंय, ते द्या हिकडं.

साहेबांनी पाकिटावर हात ठेवला. मग म्हणले, बाई, ह्या फोटोंत जखमा आहेत, तुमची मुलगी नाही.

न्हायच दावला फोटो. मला असा राग आला म्हणता, एवढा त्या वकिलाचा बी आला न्हवता. म्हणले, मोठा साहेब, पण माझ्या लेकीचं तोंड मला न बघू देणारा हा कोण. मग जावयाला जन्मठेप झाली, फोटोबिगर झाली. भाईर आल्यावर सरकारी वकील म्हणले, मावशी, अजून बघायचं असंल तर अर्ज करू. मी म्हणले नगं. का म्हणले ते तवा माझं मलाच कळलं न्हाय.

आता नात माझ्यापाशीच हाय, शाळंत जाती. आई गेली तवा रांगत हुती, तिला काय आठवतंय. मी येणी घालाय बसले की इचारती, आजे, माझी आई कशी दिसायची गं. मी सांगते, कपाळ तुझ्यावाणी, हसली की डोळं मिटायची. कधी कधी अजून वाटतं बगा, तोंड बघायला पायजे हुतं. पण बघितलं असतं, तर ह्या पोरीला मी आता काय सांगितलं असतं?