हुकूमवाला स्कॅनर

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्या पुढच्या बाई गाडीचा स्कॅनर घेत होत्या.

“नुसता बिघाड दाखवणारा देऊ, की गाडीला हुकूम सोडणारा?”

“हुकूम म्हणजे?”

“गाडीत बसल्या जागी फोनवरून सांगायचं, गाडी करते. पंखा फिरव, काच उतरव, हॉर्न दे.”

“इंजिन बंद असताना?”

“बंद असताना. पण तो महाग पडेल. गाडी चालवतं कोण?”

“आता कोणीच नाही. बाबांना डॉक्टरांनी मनाई केलीय. तरी रोज सकाळी तासभर आत जाऊन बसतात.”

“मग साधा पुरे की, ताई. काय चुकतंय ते तो बरोबर दाखवतो.”

“बाबांच्या चुका दाखवायला घरात आम्ही चौघं आहोत, ऐकणारं कोणी नाही. तो हुकूमवाला द्या.”