शोभाच्या बांगड्या

आमचं कोरसचं काम कसं गेलं विचारता ना? ऐका मग.

साकीनाक्याला नीलेशचा स्टुडिओ आहे. त्याच्या मोठ्या कीबोर्डात बायकांच्या कोरसचा आवाज होता, पण तो कुकरने शिटी मारल्यासारखा वाटायचा. म्हणून खऱ्या कोरसला मी आणि माझी शेजारीण शोभा जायचो. एकदा त्याने दिवसभर आमच्याकडून नुसतं ‘आ’ आणि ‘ओ’ म्हणून घेतलं, कॉम्प्युटरात भरायला. त्यानंतर बोलावणंच बंद.

शोभा गेल्या वर्षी वारली. परवा मी एकटीच गेले. सरळ म्हटलं, “काम दे रे.”

“मावशी, आता तुम्ही दोघी यातच आहात ना,” म्हणाला आणि कीबोर्डची एक पट्टी दाबली.

आमचाच आवाज आला. आणि त्याच्यामागे किण्ण. शोभाच्या बांगड्या! माइकसमोर बांगड्या काढून ठेवा म्हटल्यावर मी मुकाट काढल्या होत्या, तिने काही काढल्या नव्हत्या.

“हा नॉइज राहिलाय वाटतं,” नीलेश म्हणाला. “थांबा, आत्ता साफ करतो.”

“हात लावून बघ!” मी ओरडलेच. “तिचा नवरा मेला तेव्हा अख्खी भावकी तिच्या बांगड्या फोडायला बसली होती. तिने एक फोडू दिली नाही. आणि तू काढणार?”

घाबरून हात मागे घेतला मेल्याने. मी म्हटलं तितक्यांदा ती पट्टी वाजवून दाखवली. काम मात्र दिलं नाही.