मंगळवारची लाट

चांगुणाबाई : राधाकृष्णा, वट्यावरची तिघं अजून बसल्यात. दोनदा च्या पाजला. आता तूच सांग त्यास्नी काय ते.

राधाकृष्ण : काकू, मी कुणालाच बोलावलेलं नाही.

चांगुणाबाई : तुझ्या नानांनी बोलावलं. समद्या कोल्हारात सांगून आले, पुतन्या मुंबईला भरतीच्या हापिसात हाय.

राधाकृष्ण : अहो नाना, भरती-ओहोटीतली भरती! समुद्राची! नोकरीची नव्हे.

रखमाजी : भरती म्हनल्यावर मानूस ओहोटीपर्यंत ऐकून घेतो व्हय? यंदा पाट कोरडा. समदा गाव भरतीच हुडकतोय. बसू द्या. त्यास्नी तरी दुसरं काय काम हाय? तू वही वाच.

राधाकृष्ण : वाचायचं काही नाही. परवा निघायच्या आत मूळ वहीशी आकडे एकदा ताडून बघायचे, इतकंच. सोमवारी देशभरच्या शास्त्रज्ञांपुढे निबंध आहे. तो गाजला की माझी नोकरी कायम.

चांगुणाबाई : आन् गाजला न्हाई तर?

राधाकृष्ण : मग मीही त्या तिघांशेजारी वट्यावर.

रखमाजी : निबंध कशावर?

राधाकृष्ण : समुद्राचं पाणी एका तालात हलत नाही, नाना. चंद्राचा ताल वेगळा, सूर्याचा वेगळा, वाऱ्याचा आणखी वेगळा. मिरवणुकीत हलगी, सनई, झांज एकदम वाजतात तसं. कोकणातल्या बंदरावर एक माणूस पट्टी बघून दर तासाला पाण्याची उंची या वहीत लिहितो. ते आकडे कॉम्प्युटरला दिले की तो गोंगाट सोडवून सांगतो, कोण किती वेळानं वाजतंय.

रखमाजी : मग कोन कोन वाजतंय?

राधाकृष्ण : चंद्र-सूर्य जगाला ठाऊकच आहेत. मला एक नवीन सापडला. दर सात दिवसांनी एक लाट येते. जगात कुणी पाहिली नव्हती! सरांनी नावसुद्धा ठेवलं, सप्ताह-लहर.

चांगुणाबाई : बारसंबी झालं? आन् आमाला आज कळतंय!

रखमाजी : जगात कुनी बघितली न्हाई म्हंजे दोन गोष्टी अस्त्यात. येक तर तू लई हुशार, न्हाईतर ती लाटच न्हाई. कुठल्या दिवशी येती?

राधाकृष्ण : मंगळवारी. दर मंगळवारी.

रखमाजी : समुद्राला वार कळत्यात?

राधाकृष्ण : तेच तर गूढ आहे.

रखमाजी : कुठल्याबी आठवड्याचं वाच. भर भरती किती वाजता?

राधाकृष्ण : हे बघा, एकाहत्तरचा मार्च. सोमवारी दहाला. मंगळवारी दहाला. बुधवारी... बाराला.

रखमाजी : चंद्र रोज दोन घटका उशिरा उगवतो. तुजी भरती चंद्राच्या तालावर, तर तिलाबी रोज पाऊन तास उशीर पायजे. मंगळवारी चंद्र सोमवारच्याच येळेला हजर, आन् बुधवारी दोन दिसांचा उशीर येकदम? पुढचा मंगळवार काढ. सोमवारचे चोवीस आकडे मंगळवाराच्या शेजारी धर.

राधाकृष्ण : ...सगळे तेच आहेत. एकूण एक.

रखमाजी : मंगळवारी त्या बंदराला बाजार असंल.

चांगुणाबाई : तुमाला काय ठावं? कोकनात कवा गेल्ता तुमी?

रखमाजी : न्हाई गेलो. पर मी तीस वर्सं पाटकरी हुतो. पाटाचं पानी मोजून वहीत लिवायचो.

चांगुणाबाई : त्यात काय नवं?

रखमाजी : बाजारच्या दिशी कोन लिवत हुतं? बाजाराला तर तुझ्यासंगं असायचो मी.

चांगुणाबाई : अगं बया! अन् मी म्हनायची, सायेब लई चांगला, दर आठवड्याला सुट्टी देतो!

राधाकृष्ण : नाना, तुम्ही आदल्या दिवसाचे आकडे उतरवायचात?

रखमाजी : येकदा बोटभर वाढवून लिवले. सायेब म्हनला, रखमाजी, तुमची वही लई स्वच्छ असती.

राधाकृष्ण : म्हणजे माझी सप्ताह-लहर म्हणजे एक माणूस भाजी आणायला गेला.

चांगुणाबाई : मासळी असंल. कोकनातला हाय त्यो.

राधाकृष्ण : थट्टा नको, काकू. निबंध छापायला गेलाय. सरांनी दिल्लीला कळवलंय. आणि... हे कुणाला कळणार आहे? दोन वर्षांत कुणी वही उघडली नाही.

रखमाजी : माजी तर तीस वर्सं कुनी ताडून बघितली न्हाई. पर शेवटच्या टोकाच्या रानाला बाजारच्या दिशी पानी पोचायचं न्हाई. वहीत असायचं. ती मानसं येऊन म्हनायची, पानी न्हाई. मी वही दाखवायचो.

चांगुणाबाई : हे मला कंदी बोलला न्हाईत.

रखमाजी : कुनी इचारलं न्हाई.

राधाकृष्ण : नाही. हा निबंध मी वाचणार नाही. मंगळवार गाळायचे आणि आकडे पुन्हा मशीनला द्यायचे. परवाच्या गाडीनं गेलो तर शनिवारी कॉम्प्युटरवर आमचा एक तास राखलेला आहे.

रखमाजी : नुसते मंगळवार गाळून भागायचं न्हाई. शिमगा हाय, गनपती हाय, सासुरवाडी हाय. रोजची भरती आदल्या दिसाशी लावून बघ. दोन घटका सरकली तर खरी, न्हाईतर खोड.

राधाकृष्ण : आठ हजार सातशे साठ आकडे आहेत, नाना! वर्षभराचे. एकट्यानं परवापर्यंत कसं व्हायचं? आणि सगळं करून उरणार काय? चंद्र आणि सूर्य. ते तर आधीच ठाऊक आहेत.

रखमाजी : मग तेच सांग. कायम न्हाई केलं तर वट्यावर जागा हाय. त्या तिघांतला सूर्यभान सातवी पास हाय. दुसऱ्या दोघांस्नी आकडं वाचता येत्यात.

राधाकृष्ण : काकू, बोलवा त्यांना आत. म्हणावं, भरती आहे.

चांगुणाबाई : आता कशी कामाची भरती निघाली! सूर्यभान, या रं आत! हात धुऊन या, वही मुंबईची हाय.

रखमाजी : येक सांगतो, राधाकृष्णा. उद्या आपला बाजार हाय. उद्या त्यास्नी दुपारपतूर सुट्टी दे.

राधाकृष्ण : नाना, परवा माझी गाडी आहे!

रखमाजी : म्हनूनच म्हनतो. सुट्टी दिलीस, तर खरं लिवतील.