कुरियरने आलेल्या अक्षता

(मे २००४. पूर्णगडजवळची एक वाडी. ओटीवर अपूर्वा अढीतले पिकलेले आंबे निवडते आहे. शेजारी तिची आत्या, येसूबाई, फणसाचे गरे काढते आहे. पायरीशी अनिश, हातात झाकलेलं पातेलं.)

अनिश : एक माणूस आलं नाही. एकसुद्धा नाही. अख्ख्या वाडीचा स्वयंपाक करून ठेवला होता मी काल.

अपूर्वा : कळलं. आचारी रत्नागिरीहून आणलेस ना? फोडणीचा वास आमच्या विहिरीपर्यंत येत होता.

अनिश : तुला गंमत वाटतेय?

अपूर्वा : हो.

येसूबाई : अगो, आधी बस तरी म्हण त्याला. बस रे. नि ते पातेलं खाली ठेव. काय आहे त्यात?

अनिश : जिलब्या. उरल्यात. सगळंच उरलंय, आत्या.

अपूर्वा : येसूबाई म्हण. आत्या माझी आहे.

अनिश : बरं. मी फक्त विचारायला आलोय. वास्तुशांतीच्या पत्रिका मी महिनाभर आधी कुरियर केल्या होत्या, तुझ्या पत्त्यावर. आत चिठ्ठी होती, वाडीत वाटून टाक, प्लीज. पार्सल मिळालं नाही का?

अपूर्वा : मिळालं. सही मीच केली. सोनेरी छपाई, वर गणपती. आणि अक्षता प्लास्टिकच्या पुडीत, सीलबंद.

अनिश : मग?

अपूर्वा : मग काय? कागद चांगला जाड होता. आंब्याच्या पेट्यांना तळाशी घातला. तुझं आमंत्रण सांगलीपर्यंत पोचलं. वाडीत तेवढं नाही पोचलं.

येसूबाई : नि मला म्हणालीस, छापखान्यातली रद्दी आहे!

अनिश : अपूर्वा, हा सूड झाला.

अपूर्वा : तुला दुसरं काय वाटलं?

अनिश : नको होतं तर फोन करून नाही म्हणायचं. मी दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असतं.

अपूर्वा : कुणाला? वाडीत तुझं आहे कोण? सकाळपासून सगळे तयार होते. जनीकाकू नवं पातळ नेसून ओटीवर बसली होती. लवूनं दुकान उघडलं नाही. तुझ्याकडून कुणी येतंय का बघत होते. मी इथे बसून त्यांना बघत होते. दुपार कलली तशी एकेका चुलीवर भात चढला.

अनिश : पण मांडव दिसत होता ना सगळ्यांना! सरळ यायचं.

येसूबाई : न बोलावता? मेल्या, इथं घरचं माणूस दारात येऊन हातात अक्षत देतं, तेव्हा बोलावणं होतं. आधी देवळात, मग मानाच्या घरी, म्हणजे आमच्याकडे, नि मग बाकी वाडी. पायी जायचं. भिंतीला भिंत लागून घर असलं तरी.

अनिश : मला कुणी सांगितलंच नाही हे.

अपूर्वा : तू इथे साधं, संथ आयुष्य जगायला आलास म्हणे. वाडी पायी फिरायला एक सकाळ लागते. तेवढं संथ व्हायलासुद्धा जमलं नाही?

अनिश : टोमणे मार. ऐकून घेतो. माझी काय अवस्था होती ते तुला माहीत नाही. चौतिसाव्या वर्षी ब्लडप्रेशरची गोळी. बारा-बारा तास ऑफिस, घरी आलं की परत फोन. एक दिवस पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो, उतरताच येईना. मग नोकरी सोडली, फ्लॅट विकला. आपल्या साखरपुड्याला आलो होतो तेव्हा वरच्या सड्यावर, त्या मोकळ्या कातळावर, उभा राहिलो होतो. ती जागा डोक्यातून गेलीच नव्हती.

अपूर्वा : जागा राहिली डोक्यात. बरंय.

अनिश : आता तिथल्या घरातून तू दिसतेस रोज. बागेत फिरतेस, आंबे हुंगतेस. कुठे पोचायचंच नसल्यासारखी. मला तसं जगायचंय.

अपूर्वा : या अढीतला आंबा आज बाजूला काढला नाही तर उद्या शेजारच्यांना घेऊन जातो. हुंगते म्हणजे कामच करते. संथ म्हणजे रिकामं नव्हे रे. प्रत्येक गोष्ट आपण उठून, जाऊन करावी लागते म्हणून वेळ लागतो.

अनिश : तेच म्हणतोय. तू बरोबर होतीस. मी चुकलो.

अपूर्वा : तुझ्या निकालावर माझं काही अडलं नव्हतं. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून बाग बघायचं मी ठरवलं, तुला विचारलं, तू हो म्हणालास. आणि लग्नाला आठ दिवस असताना लवूच्या दुकानात फोन केलास. मला नाही, आबांना. काय म्हणालास, आठवतं?

अनिश : रागात होतो मी.

अपूर्वा : ‘तुमच्या मुलीला गावात कुजायचं असेल तर एकटीला कुजू दे.’ आबांनी मला शब्दन्‌शब्द सांगितलं. मी मायक्रोबायोलॉजीची. कुजणं माझ्या अभ्यासाचाच विषय, मला तेवढं नाही लागलं. पण दुसऱ्या दिवशी आबा उठले आणि निघाले. जिथे जिथे अक्षत दिली होती त्या प्रत्येक घरी. दिलेली अक्षत परत घ्यायची काही रीतच नाही. त्यांनाच ती काढावी लागली. सुजलेल्या गुडघ्यानं, या असल्या उन्हात. आणि पाच वर्षांनी त्याच घरांच्या पत्रिका तू मला पाठवतोस. वाटून टाक, प्लीज.

अनिश : मला खरंच माहीत नव्हतं.

अपूर्वा : विचारलंसही नाहीस.

अनिश : आबा आहेत का घरात? मी त्यांच्या पाया पडतो.

येसूबाई : गेला रे तो. गेल्या साली, गणपतीनंतर.

अनिश : मग मी माफी मागू तरी कुणाची? आई सकाळपासून एकच म्हणतेय, चल परत. पण परत जायला काही शिल्लकच नाही. आणि इथे काय? आज लवूनं काडेपेटी दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. आणखी एक-दोघे होते दुकानात, मी आत गेलो तसे बोलायचे थांबले. असं कसं राहू मी इथे?

अपूर्वा : राहशील की. शांतता हवी होती ना? एवढी शांतता मुंबईत मिळाली नसती.

येसूबाई : अपू, पुरे.

अपूर्वा : पुरे कसं? याला राहायचंय ना, मग एक करू दे. जेवण पुन्हा घाल. नवीन अक्षत कर, तुझ्या हातानं. गाडी घरी ठेव. आबा गेले त्या वाटेनं जा, खालच्या आळीपासून सुरुवात कर. प्रत्येक घरी आधी सांग, ते लग्न कुणी मोडलं आणि फोनवर काय बोललास. सगळं सांग. मग अक्षत पुढे कर. बघू कोण घेतंय.

अनिश : प्रत्येक घरी?

अपूर्वा : आबांनी एक घर सोडलं नव्हतं.

अनिश : ठीक आहे. जातो. सांगतो.

येसूबाई : नको.

अपूर्वा : का नको?

येसूबाई : नको म्हणते ना. दुसरं काहीही करायला लाव. विहिरीचा गाळ काढायला लाव.

अपूर्वा : आत्ये, तू याची बाजू घेतेस?

येसूबाई : हा कोण लागून गेला माझा? मी होते त्या दिवशी आबाबरोबर. वैनी असती तर ती गेली असती, नव्हती म्हणून मी. आबानं यानं मोडल्याचं कुणालाच सांगितलं नाही.

अपूर्वा : मग काय सांगितलं?

येसूबाई : म्हणाला, आमच्या अपूनंच नको म्हटलं. मुलगा तिच्या मनास येईना. शिकलेली मुलगी, आम्ही जोर करणार नाही. वर हात जोडले सगळ्यांपुढे, मुलीच्या हट्टापायी तुम्हाला त्रास झाला म्हणून.

अपूर्वा : पण हे खोटं आहे.

येसूबाई : धडधडीत. पहिल्या घरी जीभ अडखळली त्याची. मग जमायला लागलं. शेवटी शेवटी तर तुझ्या हट्टीपणाच्या गोष्टी रचून सांगत होता, मलाच हसू यायला लागलं.

अपूर्वा : आणि मला कुणी सांगितलं नाही? मी समजत होते, वाडीला माझी कीव येते. लग्नाचा विषय निघाला नि मी आले की सगळ्या गप्प होतात.

येसूबाई : कीव कसली! घाबरतात तुला. दारात मांडव असताना नवऱ्याला परत पाठवणारी बाई! जनी तिच्या मुलीला दम देते, अपूसारखं करशील तर याद राख. म्हणून तर कुणी तुला स्थळ आणत नाही. कोण तोंडावर आपटून घेईल?

अनिश : म्हणजे मी जर खरं सांगत फिरलो...

येसूबाई : तर माझा भाऊ घरोघरी खोटं बोलला, असं होईल. तो नसताना.

अनिश : मग मी काहीच सांगत नाही. नुसती अक्षत देतो, वाकून नमस्कार करतो.

अपूर्वा : उठू नकोस. मला विचार करू दे.

येसूबाई : तोवर गरा खा.

अनिश : नको, मला आत्ता—

येसूबाई : खा रे. कापा फणस आहे, घशात नाही अडकायचा.

अपूर्वा : जायचं तसंच. पायी, खालच्या आळीपासून. पण सांगायचं, अपूर्वानं मला नकार दिला होता.

अनिश : काय?

अपूर्वा : आणि म्हणायचं, तिनं बरोबर केलं.

अनिश : अगं, पण नकार मी—

अपूर्वा : आबांनी सांगून ठेवलंय घरोघरी. तू त्यांना खोटं पाडणार?

अनिश : हसतील मला लोक. नाकारलेला नवरा, तिच्याच वाडीत घर बांधून बसलाय. इथे असेपर्यंत हसतील.

अपूर्वा : हसतील. पण जेवायला येतील.

येसूबाई : येतील रे. तुला बघायला तर नक्कीच येतील.

अनिश : आणि तू? तू घेशील अक्षत?

अपूर्वा : मानाचं घर पहिलं असतं. तुझ्यासाठी शेवटचं. बाकी सगळीकडे जाऊन ये, मग बघू.

अनिश : ...बरं. उद्या सकाळी निघतो. पण कुणी विचारलं तर? का नको म्हणाली तुला, असं?

येसूबाई : विचारणारच. जनी तर चहा ठेवून विचारेल.

अनिश : काय सांगू?

अपूर्वा : सांग, ‘मला फार घाई असायची.’