प्रत्येक पाटीपाशी हळू

"हॅलो?… कोण?… महामार्ग नियंत्रण कक्ष? नाही हो, राँग नंबर."

तिने फोन ठेवला आणि पुन्हा मटार सोलायला घेतले. टेबलावर टरफलांच्या ढिगाशेजारी भिंतीवरचं घड्याळ पालथं पडलं होतं. सेल संपला म्हणून तिने ते सकाळीच उतरवलं होतं, आणि नवा सेल आणणं हे या घरातल्या पुष्कळ कामांसारखं कुणाचंच काम नव्हतं. पलीकडे कोचावर नवरा वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. फोन परत वाजला.

"हॅलो?… परत तुम्हीच. हे बघा ताई, तुमचा आवाज गोड आहे, त्याचाच मला संशय येतोय. सरकारी माणूस असा बोलत नाही… ओटीपी मी देणार नाही… मागितला नाही? अजून मागितला नाही, असं म्हणा… आमच्या गाडीचा नंबर? आधी तुम्ही सांगा… हं… हं. बरोबर आहे. पण तो काय, गाडीच्या मागे लिहिलेलाच असतो, कुणीही वाचेल. मागच्या काचेवर काय चिकटवलंय ते सांगा… फुलपाखरू."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नातीने चिकटवलंय ते. तुम्हाला कुठून दिसलं?… कॅमेरे? कधी बसवले?… अन् किती?… अगं बाई. म्हणजे माणसाने जांभई दिली तरी तुमच्याकडे नोंद."

गाडी त्यांची स्वतःची होती, सतरा जणी बसतील अशी. नवरा हॉस्पिटलच्या नर्सना पहाटे न्यायचा आणि दुपारी आणायचा. कुठल्याही फॉर्मवर तो बायकोचाच फोन नंबर टाकायचा. चालवणाऱ्याचा फोन वाजता कामा नये, ही त्याची एकतीस वर्षांची शिस्त. त्यामुळे त्याच्याबद्दलचं बरंवाईट जे काही असेल, ते आधी तिच्या कानावर पडायचं.

"बरं, बोला. काय केलंय गाडीने?… हळू जाते? आता हळू जाण्याबद्दलही फोन येतात का? जोरात जाणाऱ्यांना करा की… नाही, नाही, तसे नाहीत आमचे हे. ते तर म्हणतात, या रस्त्यावर मी डोळे मिटून गाडी नेईन… तसं नव्हे हो, बोलायची पद्धत असते. ते लिहून घेऊ नका."

ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि आवाज उतरवला.

"सगळीकडे नाही? ठरलेल्या जागीच?… तिथे कुणी उभं असतं का?… कुणी म्हणजे कुणीही. बाईमाणूस वगैरे… मी आपलं विचारलं… कुणी चढत नाही. उतरत पण नाही?… अशा किती जागा?… चौदा?"

चौदा ठिकाणी चौदा जणी हे गणित तिला पटेना. या माणसाच्या लक्षात एकीचा वाढदिवस राहत नव्हता.

"मग आहे काय त्या चौदा जागी?… पाट्या? कुठल्या, त्या दिव्यांच्या? अक्षरं बदलणाऱ्या?… हो, जुन्या लोखंडी पाट्या काढल्यात, हे सांगत होते. सगळ्या पाठ होत्या त्यांना… म्हणजे पाटी आली की गाडी ऐंशीवरून पंचवीसवर. पाटी मागे गेली की पुन्हा ऐंशी. आणि मागचे सगळे ब्रेक दाबत बसतात… अहो, वाचत असतील. शिस्तीचा माणूस आहे."

कोचावरून पान उलटल्याचा आवाज आला.

"मंगळवारी काय?… हो, सांगितलं की यांनी मला. बोगदा बंद होता आणि तुमच्या लोकांनी आधी कळवायचे कष्ट घेतले नाहीत. मी शेजारच्या चार घरांत सांगून आले, काय हा कारभार… लिहिलं होतं? कुठे?… बोगद्याआधीच्या तिन्ही पाट्यांवर?… लाल अक्षरांत. केवढं असतं हो एकेक अक्षर?… हातभर… मग थांबले कसे?… कामावरचा माणूस झेंडा घेऊन आडवा धावला. गाडी किती लांब होती त्याच्यापासून?… सतरा जणी होत्या गाडीत… ताई, एक मिनिट थांबा हं. फोन ठेवू नका."

तिला तो तक्ता आठवला. दोन वर्षांपूर्वी परवान्याचं नूतनीकरण होतं, तेव्हा नवऱ्याने डोळे तपासायच्या तक्त्याची प्रत कुठून तरी पैदा केली होती. संध्याकाळभर तो ओळी म्हणत होता आणि ती तक्ता हातात धरून, एखादं अक्षर चुकलं की मास्तरणीसारखी टोकत होती. शेवटची, बारीक अक्षरांची ओळ तर तिनेच चाल लावून पाठ करून घेतली. दुसऱ्या दिवशी तो पास झाला. या वयातही माणूस परीक्षेचा अभ्यास करून जातो, याचं तिला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

फोन कानाशी धरूनच ती बाहेर आली.

"अहो, किती वाजले बघा जरा."

वर्तमानपत्र खाली आलं. नवऱ्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. घड्याळाच्या जागी तिथे रंग न उडालेला एक गोल डाग होता, मध्ये खिळा. त्याने डोळे बारीक केले, डाग नीट निरखला आणि सांगितलं, सहाला पाच कमी.

"बरं," ती म्हणाली.

घड्याळ टेबलावर पालथं होतं. तिने मटाराचं भांडं थोडं सरकवलं, उगीचच.

"ताई, आहात ना?… नाही, गाडीत बिघाड नाही. गाडी उत्तम आहे… आणि नंबर तुम्ही बरोबर लावलाय. मघाशी मी काय म्हणाले ते सोडा… उद्या साडेपाचची फेरी निघणार नाही, एवढं लिहून घ्या… नर्सबायांना मी कळवते, सगळ्यांचे नंबर माझ्याचकडे असतात… कारण? ते आधी घरात सांगू द्या मला, मग तुम्हाला… नाही हो, भांडण कसलं. चिडतील, जेवणार नाहीत एक वेळ… तुमच्याकडे चालकांचे डोळे तपासतात का?… शनिवारी? मग दोन नावं लिहा… दुसरं माझं… नाही, मी नाही चालवत. पण दोन वर्षं मला समोर बसलेला माणूस दिसला नाही, तेव्हा माझेही बघा म्हणावं… हो. ठेवते."

दाराजवळच्या हुकावरून तिने गाडीची किल्ली काढली, मटाराच्या भांड्यात टाकली आणि वर झाकण ठेवलं. कुणाचा फोन होता, असं नवऱ्याने वर्तमानपत्राआडून विचारलं.

"सांगते," ती म्हणाली, आणि घड्याळ उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. "आधी हे जागेवर लावा."